मेलेल्या काठ्या

आज सकाळी परसातल्या गवतावर हिमाचं पांढरं पीठ भुरभुरलं होतं. टोमॅटोची पानं एका रात्रीत काळी पडली होती. चहाचा पेला हातात धरून मी कुंपणाशी गेले, आणि तिथे रोवलेल्या पांगाऱ्याच्या काठीला डोळा फुटलेला दिसला. मुगाच्या दाण्याएवढा, हिरवागार.

वसंत कोमल असतो असं लोक म्हणतात. मला तो भलताच डूख धरणारा वाटतो. थंडीने केलेलं सगळं मुकाट सोसतो, पण विसरत काही नाही.

दीड महिन्यापूर्वी मी माहेरी गेले असताना शेजारच्या नानांनी माझा पांगारा तोडला. त्याची फुलं त्यांच्या अंगणात पडायची, हा राग. वर मलाच म्हणाले, "पान नव्हतं हो एकही, वहिनी. मेलंच होतं ते. होळीला होईल." थंडीत पांगारा पानं टाकतो, हे साठीच्या माणसाला ठाऊक नसावं? मी "बरं" म्हटलं, आणि त्याच फांद्या आमच्या दोघांच्या मधल्या कुंपणाला ओळीने रोवल्या. पांगाऱ्याची नुसती फांदी रोवली तरी ती जगते.

दात घासत नाना आत्ताच कुंपणाशी आले. "या मेलेल्या काठ्या कशाला हो रोवल्यात?"

"असू द्यात," मी म्हटलं. "होळीला होतील."

ते गेल्यावर मी टोकापर्यंत डोळे बघत गेले. एका झाडाची फुलं त्यांना झाडवत नव्हती. आता चौदा आहेत. फुलायला तीनेक वर्षं लागतील, पण मला कुठे घाई आहे.