मिनिटरावांचं डोंगरी वेळापत्रक

माझे थोरले साडू बस डेपोत वेळापत्रकं बनवतात. वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. खाली एखादं इंजिन सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली थरथरतात. भिंतभर चौकटींचा कागद, त्यावर लाल-निळ्या तिरक्या रेघा. एक रेघ म्हणजे एक बस. बावीस वर्षं ते या रेघा ओढताहेत आणि बावीस वर्षं ड्रायव्हर मंडळी त्या रेघांकडे शुभेच्छापत्रासारखं पाहतात: भावना पोचल्या, आता आपण आपल्या सवडीनं निघू. डेपोत त्यांना मिनिटराव म्हणतात. घरातही तेच नाव रुळलंय, फक्त त्यांच्या तोंडावर कोणी घेत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी उंच डोंगरात जायचं, ही कल्पना माझ्या मेव्हणीची, म्हणजे त्यांच्या बायकोची. तिला गार हवेत आठ दिवस काहीही न करता बसायचं होतं. "आखणी माझ्याकडे," असं मिनिटराव म्हणाले आणि तिचा चेहरा तिथेच उतरला.

तीन आठवड्यांनी त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार कप. गेस्ट हाउस साडेदहा हजार फुटांवर. पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय करायची, मग तलाव, आणि शेवटी पावणेतेरा हजारांवरची खिंड.

"दुपारी एकनंतर वर ढग जमतात, म्हणून रोज एकच्या आत परत," ते म्हणाले.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. मग सासूबाईंनी चष्मा लावला. त्या निवृत्त नर्स. कुठलाही तक्ता शेवटच्या रकान्यापर्यंत वाचतात.

"हे काय? 'तलाव, आगमन आठ बावन्न. थक्क होणे, चार मिनिटं.'"

"देखावा पाहायला वेळ ठेवलाय, आई."

"आणि चार मिनिटांत मी थक्क नाही झाले तर?"

"परतीच्या वाटेवर दोन मिनिटं राखीव आहेत."

मग सराव सुरू झाला. दर रविवारी सकाळी सहा दहाला आम्ही सहा जण त्यांच्या इमारतीचे सगळे मजले चढायचो. पाठीवर जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेल्या सॅक, आणि शेजारून लिफ्ट रिकामी वर जायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दोन रविवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी दार किलकिलं करून माझ्या बायकोला विचारलं, "एवढी रद्दी कोणापासून लपवताय?"

मिनिटरावांची मुलगी कॉलेजात भूगोल शिकते. गच्चीवर टेकत ती म्हणाली, "बाबा, आपली इमारत सत्तर फूट आहे. अजून दहा हजार चारशे तीस राहिले."

"म्हणूनच दर रविवारी," ते म्हणाले.

प्रत्यक्ष निघालो तेव्हा वाटेत दरड पडली आणि आमची बस चार तास उशिरा पोचली. मिनिटराव जराही विचलित झाले नाहीत. बस उशिरा येणं हा त्यांचा रोजचा अनुभव. गडबडलो मी. उतरताच डोकं फुटायला लागलं. तक्त्यात डोकेदुखीला वीस मिनिटं होती, मी दीड दिवस घेतला. सासूबाईंनी मला पडून राहायला लावलं, घोट घोट पाणी पाजलं आणि थोरल्या जावयाला सांगितलं, "याचा रकाना वाढवा."

एवढ्या वेळात मिनिटरावांनी तक्ता गेस्ट हाउसच्या जेवणघरात लावला होता, आमच्या टेबलामागच्या भिंतीवर. तिथल्या मॅनेजरबाई हातात किटली घेऊन बराच वेळ तो वाचत उभ्या राहिल्या.

"पाहुणे रोज मला हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "कधी निघू, कुठे बसू, ढग कधी येतात. मी इतरांना हे दाखवलं तर चालेल का?"

असं मिनिटरावांना आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. नको म्हणायला हवं होतं, कारण सगळी आखणीच आम्हा सहा जणांपुरती होती. पण मिनिटरावांनी दुपारभर बसून स्वच्छ अक्षरात आठ प्रती काढल्या. बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो घेतले.

तलावाच्या दिवशी सकाळी सहा दहाला आम्ही दार उघडलं. अंगणात एकतीस माणसं बुटांच्या नाड्या बांधून उभी होती. एक पिवळ्या रेनकोटातले जाडजूड गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, "निघायचं ना? अकरा झाली." म्हणजे सहा अकरा.

आठ पाचला सपाट खडक, थांबा सात मिनिटं. त्या खडकावर सहा माणसं नीट बसू शकतात. एकतीस जण त्याच्याभोवती उभ्यानं विश्रांती घेऊ लागले. सासूबाई आधीच पोचून ऐसपैस बसल्या होत्या. आठ बाराला सगळे उठले, त्या उठल्या नाहीत.

"मला इथूनच छान दिसतंय," त्या म्हणाल्या. दोन्ही लेकी आणि नात त्यांच्याशेजारी टेकल्या. मी मात्र साडू या नात्यानं पुढे गेलो.

पुढे ओढ्यावर दोन ओंडक्यांचा पूल होता, एका वेळी एकच माणूस जाईल असा. तक्त्यात पुलाला तीन मिनिटं होती, सहा माणसांच्या हिशेबानं. ओंडके डगमगत होते, लोक जपून पाय टाकत होते आणि मागची रांग वाटेच्या वळणापलीकडे गेली.

"माझ्या कागदावर आठ बावन्नला तलाव आहे," एक बाई कुरकुरल्या.

"माझ्याही," मागून कोणीतरी म्हणालं.

मिनिटराव आधी पांढरेफटक पडले. मग पुलाच्या तोंडाशी उभे राहिले आणि हात वर-खाली करत एकेकाला सोडू लागले. सगळे पार व्हायला तासभर गेला. तलावाशी पोचल्यावर मंडळी कागदाप्रमाणे बरोबर चार मिनिटं थक्क झाली आणि माघारी फिरली. परतीला पुन्हा तोच पूल, पुन्हा तास. त्या दिवशी ढगही साडेबारालाच आले आणि गेस्ट हाउस समोर दिसत असताना गारा सुरू झाल्या.

पिवळ्या रेनकोटवाल्यांनी भिजलेला कागद पुढे केला. "यात गारांचा उल्लेख नाही."

"गारा एकनंतर धरल्या होत्या," मिनिटराव म्हणाले.

संध्याकाळी ते व्हरांड्यात मोजे वाळवत बसले होते. मला वाटलं खचले असतील, म्हणून शेजारी जाऊन बसलो.

"एकतीस माणसं," ते हळू आवाजात म्हणाले. "ना ओळख, ना देख. आणि एकही उशिरा आला नाही हो." माझे मोजे ओले होते, पाय सोलवटले होते, तरी मला त्यांच्यावर चिडता येईना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी विनंती केली की पाहुण्यांचे गट पाडून द्या. मिनिटरावांनी पाच गट केले, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं. उरलेले सगळे दिवस ते अंगणात घड्याळ धरून उभे होते. गट वेळेवर निघाले, वेळेवर परतले, आणि पिवळ्या रेनकोटवाल्यांनी त्यांना बिस्किटांचा पुडा भेट दिला.

खिंडीकडे आम्ही पाच जण त्यांच्याशिवाय गेलो. चहा संपला तेव्हा निघालो, सासूबाई थांबल्या तिथे थांबलो. दगडांतून मांजराएवढा एक गुबगुबीत प्राणी बाहेर आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि आमच्याकडे पाहून शीळ घालत राहिला. त्याच्याजवळ आमचा किती वेळ गेला कोण जाणे. अकराच्या सुमारास आभाळ काळवंडलं, तशी सासूबाईंनी काठी वळवली आणि आम्ही निमूट मागे फिरलो.

"खिंड किती वाजता गाठली?" अंगणातून मिनिटरावांनी विचारलं.

"गाठलीच नाही," मी म्हणालो.

"अरेरे," ते म्हणाले. अगदी मनापासून.

माझी मेव्हणी पायरीवर बसून बूट काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण समुद्रावर जाणार आहोत. तिथे भरती-ओहोटीच्या वेळा आधीच छापलेल्या असतात."

मिनिटरावांनी हातातलं घड्याळ खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "पाळतो का समुद्र?"