धुक्यात काढलेला फोटो

सादळलेलं बिस्किट दाताखाली आलं की मला श्रावणातलं, डोंगरावरचं तळेघर गाव आठवतं. मी तेव्हा बिस्किट कंपनीसाठी दुकानोदुकानी फिरून फळ्यांवरच्या मालाचे फोटो काढायचो. फोटो अगदी समोरून आणि लख्ख लागायचा, कारण त्यातले पुडे माणूस नाही, मशीन मोजायचं. त्या दुपारी धुकं दारातून थेट आत शिरलं होतं आणि 'फोटो अस्पष्ट' म्हणत मोबाईलनं दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा नाकारला की त्या दुकानाची भेटच बाद, आणि त्या महिन्यात माझ्या इतक्या भेटी बाद झाल्या होत्या की आणखी एक झाली तर काम जाणार होतं. लेन्स पुसावी तर शर्टही ओलाच. बाहेर घोडेगावची शेवटची एसटी घुरघुरत उभी होती. मी एकदा मोबाईलकडं, एकदा एसटीकडं बघताना दुकानवाल्या मावशींनी पाहिलं. "घाबरू नका भाऊ, धुकंच हाय त्ये, हाकलू की," म्हणत त्यांनी बल्ब लावला, भात पाखडायचं सूप उचललं आणि धूर घालवावा तसं धुकं दाराबाहेर ढकलायला लागल्या. "काढा लवकर, परत येतंय!" मी श्वास रोखून बटण दाबलं. हिरवी खूण आली, आणि मी एसटीमागं धावत सुटलो. आता मी पुण्यात बसून मशीननं नाकारलेले फोटो पुन्हा तपासतो. आज तिकडूनच एक पांढराफटक फोटो आला. बाद करायला बोट उचललं, पण दाबवेना. शेवटी फोटो काढणाऱ्याला फोन लावला आणि विचारलं, "दुकानात सूप आहे का?"