लघाटे मॅडमच्या तासालाच बंद होणारं पॅनेल

लघाटे मॅडमविरुद्धचा तो रिपोर्ट मी लिहिला. स्वच्छ अक्षरात, तीन मुद्द्यांत, सहीसकट. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि तरीही तो पूर्ण चुकीचा होता. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवून घेईन, अशी मला भीती वाटते.

मी ग्वाल्हेरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात स्मार्ट पॅनेल आलं. म्हणजे भिंतीवर लावलेला भलामोठा टीव्ही, बोटानं चालणारा. मला त्याचा इन-चार्ज केलं, कारण मीटिंगमध्ये प्रिन्सिपल भदौरिया सरांच्या मोबाइलचा चार्जर मी उलटा करून लावून दिला होता. एवढ्या पात्रतेवर मी सगळ्या स्टाफला ट्रेनिंग दिलं.

मी स्वतः पॅनेलवर काय करायचो? पुस्तकातलं पान मोठं करून दाखवायचो. भूगोलाच्या लघाटे मॅडम मात्र चंबळच्या खोऱ्यांचा वरून काढलेला फोटो लावायच्या आणि मुलांना एकेक करून पुढे बोलवायच्या. "पाणी कुठून वाहिलं असेल, बोटानं दाखव." एकानं चुकीची रेघ काढली की दुसरा ती पुसायचा. वर्गात भांडणं व्हायची, नदीवरून. मला तो गोंधळ वाटायचा.

दसऱ्यानंतर पॅनेल बिघडलं. बिघडलं म्हणजे असं, की लघाटे मॅडमनी काहीही उघडलं की ते आपोआप बंद व्हायचं. नकाशा उघडला, बंद. व्हिडिओ उघडला, बंद. माझ्या तासाला सगळं ठीक. आम्हा दोघांशिवाय पॅनेल कुणी वापरतच नव्हतं.

"मोहिते सर, मी तर हातपण नाही लावला," त्या म्हणाल्या.

"हात न लावता कसं बंद होईल, मॅडम?"

"तेच तर तुम्हाला विचारतेय. इन-चार्ज तुम्ही आहात ना?"

मी रीतसर तपास केला. त्यांना रबरी चप्पल घालून यायला सांगितलं, अंगठ्या काढायला लावल्या. एक दिवस त्यांना दारात उभं करून फक्त मुलांकडून पॅनेल चालवून घेतलं. तरीही बंद. मग मी त्यांना व्हरांड्यात उभं केलं. पंचावन्न वर्षांची बाई व्हरांड्यातून ओरडून मृदेचे प्रकार शिकवत होती आणि मी दारात वही घेऊन नोंदी करत होतो.

कंपनीचा इंजिनिअर आला तो नेमका लाइट गेलेली असताना. पॅनेल इन्व्हर्टरवर होतं, उत्तम चाललं. "मशीन में कोई फॉल्ट नहीं है," असं लिहून तो गेला.

त्याच दिवशी मी रिपोर्ट दिला. एक, मशीन निर्दोष आहे. दोन, बिघाड फक्त लघाटे मॅडमच्या तासाला होतो. तीन, त्यांना पॅनेलपासून दूर ठेवावं. भदौरिया सरांनी तो स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला. मॅडमची नेमणूक वर्षावर्षाच्या करारावर होती. सर म्हणाले, "दिवाली के बाद दसवीं किसी और को दे देंगे. और मार्च में देखते हैं, रिन्यू करना है कि नहीं."

 मॅडमनी पर्समधून रुमाल काढून मान पुसली. उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मलाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी मला 'मॉडेल लेसन' घ्यायला सांगितलं. पॅनेलवर आदर्श तास कसा असतो ते लघाटे मॅडमनी मागे बसून शिकायचं होतं. सर स्वतःही बसले. मी त्रिकोणमिती उघडली आणि बोलायला लागलो.

"अरे भाई, पंखा तो चलाओ," सर म्हणाले.

मी वर्गात पंखा कधीच लावू देत नसे. धूळ उडून पॅनेल खराब होतं, असा माझा शोध होता. पण सरांना नाही कोण म्हणणार? पंखा फिरायला लागला. त्रिकोण बंद झाला. मी पुन्हा उघडला. बंद. तिसऱ्यांदा उघडून मी पॅनेलसमोर दोन्ही हात वर करून उभा राहिलो, सरांना दिसावं की मी शिवत नाहीये. बंद.

"मोहिते जी, चप्पल रबर की है?" सरांनी विचारलं.

मुलं हसली. मागच्या बाकावरची राधिका उभी राहिली. "सर, वो पत्ता बंद करता है."

"कौन सा पत्ता?"

"कोने वाला. पंखा चलता है तो हिलता है. रोज़ हिलता है."

मी वर पाहिलं. पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात, मागून आलेल्या बोटभर दोऱ्याला एक वाळलेलं आपट्याचं पान लटकत होतं.

आता थोडं तांत्रिक. या पॅनेलच्या चौकटीत न दिसणाऱ्या किरणांचं जाळं असतं. बोटानं किरण अडले की पॅनेलला कळतं, इथे कुणीतरी शिवलं. ते बोट आहे की पान, एवढं त्याला कळत नाही. आणि उघडलेली प्रत्येक गोष्ट बंद करायची ती फुली वरच्या उजव्या कोपऱ्यातच असते. मॅडम वर्गात शिरताच पंखा लावायच्या आणि वाऱ्यानं पान त्या फुलीवर आपटायचं. लाइट गेली की पंखा बंद व्हायचा आणि पॅनेल चालायचं.

पान माझं होतं. आमच्या घरी दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीची पूजा होते. त्या सकाळी मला वाटलं, आपलं शस्त्र आता हे आहे. म्हणून घरच्या तोरणातला एक तुकडा आणून मी पॅनेलला बांधला. दुसऱ्या दिवशी ओढून काढला. दोरा तुटला, एक पान राहिलं.

"पहले क्यों नहीं बताया?" मी राधिकेला विचारलं.

"सर, आपने बोला था, पॅनेल के बारे में कोई सवाल नहीं पूछेगा."

इथे मी पुन्हा चुकलो. खुर्चीवर चढलो, पान तोडून खिशात घातलं आणि म्हणालो, "सर, ज़रा सा कचरा था." सर खूश झाले. रिपोर्टबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मॅडम वही मिटून निघून गेल्या. दिवाळीभर ते पान माझ्या पाकिटात होतं. फराळाच्या ताटासमोर बसलो तरी मला व्हरांड्यातून ओरडून शिकवणारा आवाज ऐकू यायचा.

या धंद्यातला माझा धडा एवढाच. बिघाड शोधताना माणसाला व्हरांड्यात काढण्याआधी वर्गात बसलेल्यांना विचारावं. ते दिवसभर समोरच बघत असतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. जिथे रिपोर्ट वाचला गेला तिथेच बोलणं भाग होतं. पान टेबलावर ठेवलं आणि सरांना म्हणालो, "ये मैंने बाँधा था. अपनी रिपोर्ट मैं वापस लेता हूँ. दसवीं इन्हीं के पास रहने दीजिए, और मार्च में इनकी फाइल में ये काग़ज़ भी जोड़ दीजिए." नवा कागद मी लिहून आणला होता. त्यात मुद्दा एकच होता.

मग मॅडमकडे वळलो. 

"लघाटे मॅडम, पॅनेल तुमच्या हातानं नाही, माझ्या पूजेनं बंद पडत होतं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला दाराबाहेर उभं केलं. माझं चुकलं. मला माफ करा."