कागदाच्या रंगाची राजकन्या

काष्टीच्या शाळेत आमच्या बाई मुलांचं एक मासिक मागवत. त्यात दर महिन्याला एका बेटावरच्या राजकन्येची चित्रकथा असे. बेट कुठलं, तिथली माणसं कोण, कशाचाच पत्ता नव्हता. राजकन्येचे केस कुरळे, नाक बसकं, डोळे टपोरे, आणि चेहऱ्याला रंगच नाही. काळ्या शाईची रेघ, आत कोरा कागद. ती गोरी मडम आहे, असं मैत्रिणींचं ठाम मत. मला मात्र ती आमच्या भावकीतली वाटायची. माझंही नाक बसकं, केस कुरळे आणि रंग तव्याच्या बुडासारखा. ही तव्याची उपमा माझी नाही, आत्याची.

त्या वर्षी दुष्काळ होता. तरी स्नेहसंमेलन करायचंच असं बाईंनी ठरवलं आणि हीच गोष्ट नाटक म्हणून बसवायला घेतली. राजकन्येची सगळी वाक्यं मला एकटीलाच पाठ होती. पण बाई माझ्याकडे बघून घुटमळल्या.

"अगं, राजकन्या गोरी आहे ना," त्या म्हणाल्या.

मी अंक त्यांच्यापुढे धरला. "बाई, मंग चोर पन गोराच हाय की. अन् ह्यो हत्ती बी."

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या, पण बधल्या नाहीत. "पुढचा अंक रंगीत येणार आहे. त्यात ती कशी निघते बघू. तोवर तालीम तू कर."

त्या 'तोवर'नं माझी झोप उडवली. दुपारी टपालाची एस.टी. आली की मी उठून खिडकीतून बघायचे. तालमीत मी ऐटीत हुकूम सोडायचे आणि कान दाराकडे. घरी चकार शब्द काढला नाही. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला, तिला कुठं सवड. आणि भूमिका गेली असती तर आत्या वर्षभर पुरवून पुरवून हसली असती. मारुतीला म्हटलं, तिला काळी निघू दे. मग वाटलं हे फारच मागितलं, म्हणून म्हटलं, निदान गव्हाळ तरी.

अंक आला. बाईंनी टेबलावर उघडला आणि आम्ही सगळ्या वाकलो. रंगीत होता खरा, पण छापताना रंग सरकले होते. राजकन्येचा तांबूस रंग शेजारच्या भिंतीवर गेला होता आणि तिच्या तोंडावर आभाळाचा निळा आला होता.

"ही तर निळीच निघाली," बाई म्हणाल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता चित्रावर ढकलायला काही उरलं नव्हतं. "बरं, तूच कर. सफेदा लावू तुला."

मी लगेच हो म्हणाले. इतका आनंद झाला होता की, त्यात काय खुपलं ते मला तेव्हा कळलंच नाही.

संमेलनाच्या दिवशी बाईंनी गळ्यापर्यंत सफेदा थापला. तो वाळून तोंड आवळलं. तडे जातील या धास्तीनं मी हसण्याच्या जागीही हसले नाही. मधेच आई दिसली. कामावरच्या बायांबरोबर तशीच आली होती, अंगावर खडीची धूळ. ती मान उंच करून मंचावरच्या एकेका पोरीकडे बघत होती. तिची नजर माझ्यावरून दोनदा गेली आणि पुढे सरकली. माझं वाक्यच अडकलं. बाईंनी आतून सांगितलं.

नाटक संपल्यावर रांजणाच्या पाण्यानं खसाखसा तोंड धुऊन मी बाहेर आले.

"कुठं हुतीस गं?" आई म्हणाली. "मी तुला समद्या पोरींत हुडकलं. ती राजकन्या लई ग्वाड हुती बघ. कुनाची हाय?"

"ठावं न्हाई," मी म्हणाले.

तिनं जवळ ओढून माझे ओले केस मागे सारले. कानामागे सफेदा राहिला होता. तो तिच्या बोटाला लागला. ती बोटाकडे बघत राहिली, मग पदरानं माझा कान हळूहळू पुसला, पांढरं सगळं जाईपर्यंत.

"तूच हुतीस व्हय?" ती म्हणाली. "आन् मला वळखू आली न्हाईस."