पेडगावच्या आगटीभोवती अकरावीचा वर्ग

लुधियानाहून गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत लोकरीच्या कानटोप्या. आमच्या होजिअरीत त्याच विणल्या जातात आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये एवढं मला कळतं. परभणीत लोकरीची टोपी कोण घालतं, हा विचार मात्र भोपाळ मागे पडल्यावर आला. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

मी कॉलेजच्या वर्गमित्रांच्या मेळाव्याला निघालो होतो. इथे खुलासा करायला हवा. आमच्याकडे अकरावीलाच कॉलेज म्हणतात. त्या कॉलेजात मी जूनमध्ये गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेलो नाही. वडील वारले होते. ओळखीच्या एका ट्रकवाल्या सरदारजींनी मला लुधियानाला नेलं, एका कारखान्यात चिकटवलं, पहिली थंडी निघेपर्यंत स्वतःच्या घरात झोपू दिलं. त्यांच्यामुळे माझी आई आणि बहीण जेवल्या. आजही त्या घरावरून जाताना माझा हात आपोआप छातीशी जातो. बाकीचा वर्ग शिकला, नोकऱ्यांना लागला, आता निवृत्तही झाला.

परभणीत कापडाचं दुकान चालवणाऱ्या व्यंकटीने माझ्या बहिणीकडून माझा नंबर मिळवला आणि मला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घेतलं. मला वाटलं, चुकून घेतलं असेल. विचारलं नाही, विचारलं की काढून टाकतात. मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हाही विचारलं नाही. पण गाडीत बसल्यापासून एकच धास्ती होती: चारचौघांत कुणी उभं राहून म्हणालं, "हा आपल्यात कवा होता?" तर मी काय सांगणार?

परभणी स्टेशनवर उतरलो तर ऊन चांगलंच तापलेलं. गंगाखेडच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या पुढे आणि आम्ही मागे. शेजारच्या मुंडासंवाल्या बाबांनी माझा स्वेटर निरखून पाहिला.

"पाव्हणं, ताप आलाय का?"

"नाही. पंजाबातून आलोय."

"मग काडा की आता," ते म्हणाले. "हितं कोन बघायलाय?"

मी काढला. गंगाखेडला बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा तिने आधी पाणी दिलं, मग ओवाळलं, मग उलटतपासणी घेतली.

"एवढ्या दुरून हुरडा खायला आलास?"

"वर्गाचा मेळावा आहे."

"तुझा कुठला वर्ग रे, दादा?" ती म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पोळी लाटता लाटता म्हणाली. पण मला पुढची पोळी जड गेली. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी बेताचंच होतं. बहिणीला भेटलो, नदी पाहिली, आता परत जावं, असंही मनात येऊन गेलं.

सकाळी निघताना बहिणीने बजावलं, पोखर्णीला उतरून नृसिंहाचं दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. उतरलो. नारळ विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "नवस हाय का काका?"

"नाही, मेळावा आहे."

"मग मोठाच घ्या," त्या म्हणाल्या आणि मोठा दिला. मी देवाला एवढंच मागितलं, की कुणी काही विचारू नये.

पेडगावच्या फाट्यावर व्यंकटी स्वतः जीप घेऊन उभा होता. त्याने मला ओळखलं नाही, मी त्याला ओळखलं नाही, आणि आम्ही कडकडून भेटलो.

मेळावा माधवच्या शेतात होता. माधव जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेला, आता घरची ज्वारी बघतो. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो आगटीपुढे (हुरडा भाजायचा शेणगोवऱ्यांचा जाळ) उकिडवा बसून कणसं परतत होता. मला बघून तो हसला, "आलास?" म्हणाला आणि पुन्हा कणसांकडे वळला. मी काल घरी गेलो होतो आणि आज परत आलो, असा त्याचा सूर.

ओळखी सुरू झाल्या. या वयात नावानंतर हुद्दा सांगत नाहीत, दुखणं सांगतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या शकुंतलाबाईंनी दोन्ही गुडघे बदललेले. व्यंकटीच्या छातीत स्प्रिंग. माझी पाळी आली तेव्हा मी "बीपी" म्हणालो. लोकांना ते जरा कमीच वाटलं. मग मी घाईघाईने टोप्या वाटल्या. भर दुपारी, जाळाभोवती, सगळ्यांनी त्या घातल्या आणि कुणीही काढली नाही. माझ्या गावच्या लोकांचा हा भिडस्तपणा मी विसरणार नाही.

हुरडा आला. सोबत लसणाची चटणी, दही, धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) आणि गूळ. निम्म्यांना गूळ चालत नव्हता, निम्म्यांना कवळीमुळे हुरडा चावत नव्हता. गूळ न चालणाऱ्यांनीच तो जास्त खाल्ला.

"किशन," व्यंकटी तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "वेरूळच्या ट्रीपला तू किती ओकला होतास रे! आख्खी गाडी थांबवली होती."

"मी ट्रीपला नव्हतो."

"ओकणारे सगळे असंच म्हणतात."

"खरंच नव्हतो. मी दिवाळीनंतर कॉलेजला आलोच नाही."

"बघा, अजून तस्साच हाय, लाजाळू," शकुंतलाबाई म्हणाल्या. "अन् इतिहासाचे सर तर सारखं ह्याचंच कौतुक करायचे. शाबास किशन, शाबास किशन! आमाला तर लय राग यायचा तुमचा."

मला सर आठवत होते, शाबासकी आठवत नव्हती. ज्याची भीती होती ते झालं नाही. त्याच्या उलट झालं, आणि ते जास्त अवघड होतं. मी नव्हतो असं सांगूनही मला कुणी बाहेर जाऊ देईना.

जेवणानंतर तेच सर खुर्चीवर बसले. वय ऐंशीच्या पुढे. कानाचं यंत्र घरी चार्जिंगला राहिलेलं. पण आमच्या मेळाव्याची रीत अशी, की सर वर्गाची हजेरी घेतात, तीही तोंडपाठ. जे गेले त्यांची नावंही ते वगळत नाहीत. अशा नावाला सगळ्या वर्गाने मिळून "हजर" म्हणायचं. वर्ग बऱ्याचदा मिळून बोलत होता.

"किशन मारोती."

मी उठू लागलो. गुडघे सरळ व्हायच्या आत आगटीकडून खणखणीत आवाज आला.

"हजर सर!"

माधवच्या हातातलं कणीस जाळात पडलं. त्याने स्वतःच जीभ चावली. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला.

"अगं बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या, "ह्योच तर आवाज व्हता!"

मग माधवने टोपी वर सरकवली आणि सांगायला लागला. "सुट्टीनंतर हा आला न्हाई. मला वाटलं, येईल. तोवर नाव कटू नये म्हणून हजेरी द्यायलो. हा काही येईना अन् मला थांबता येईना. थांबलो असतो तर इचारलं असतं, इतके दिवस कोण व्हतं म्हणून. सरांना लांबचं दिसत नव्हतं, चष्म्याची लाज वाटायची त्यांना. अन् एक दिवस त्यांनी इचारलं, किशन, सांग, पानिपतात आपण का हरलो?"

"मग?"

"मग काय? उठलो अन् सांगितलं. घडाघडा. माझ्या नावानं उठलो की माझे पाय लटपट करायचे, तुमाला म्हाईत हाय. चुकलो तर बापाचं नाव जाणार. किशनच्या नावानं चुकलं तर किशनचं जाणार, अन् तो तर लुधियान्याला! म्हणून सगळं यायलं मला. वर्ष संपेपर्यंत यायलं."

हे सगळ्यांनी तेव्हा पाहिलं असणार आणि नंतर विसरले असणार. चेहरे गळून गेले, आवाज आणि नाव तेवढं उरलं. व्यंकटी बराच वेळ हिशेब लावत होता.

"म्हंजे वेरूळला ओकलं कोण?"

"ते मीच. पण ते माझ्या नावानं ओकलो व्हतो."

आता उघड झालं होतं. मी तिथे नव्हतो हे सगळ्यांना कळलं होतं, आणि शकुंतलाबाई माझ्या पानात धपाटा वाढत होत्या. मी पान बाजूला ठेवलं, सरांच्या खुर्चीपाशी गेलो आणि त्यांच्या कानाशी ओरडलो, "सर, ती शाबासकी माधवची होती! मी वर्गात नव्हतो!"

सरांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीवर हात ठेवला.

"बस खाली," ते म्हणाले. "हुशार पोरांनी दुसऱ्यालाबी बोलू द्यावं."

हशा झाला. सरांनी पुढचं नाव घेतलं, ते माधवचं होतं. माधव "हजर" म्हणाला, तो इतका हळू की सरांना ऐकू गेलं नाही. सगळ्या वर्गाला मिळून सांगावं लागलं, की आहे, जिवंत आहे.

मला परभणी स्टेशनवर सोडायला माधवच आला, मोटारसायकलवर, टोपी घालून. गाडीला उशीर होता. बाकावर आम्ही पुन्हा शेजारी बसलो. मला बरंच काही सांगायचं होतं. माझी जागा तू इतके दिवस राखलीस, वगैरे. शेवटी म्हणालो, "माधव, ती शाबासकी तुझी तुला मिळायला हवी होती."

"मला मिळालीच की. त्या वर्षी बोलायची सवय लागली, मग माझ्या नावानंबी यायला लागलं. नसता मास्तर कसला होतोय मी? अन् शाळेत माझ्या वर्गात कुणी कुणाची हजेरी दिली तरी मी खाली मान घालून लिहीत व्हतो."

"मी असतो तर?"

"तू असतास तर तुला आलं असतं का पानिपत?"

मी विचार केला. "नसतं आलं."

"मग बरं झालं गेलास," माधव म्हणाला आणि गाडी आली का बघायला उठला.

माझं शिक्षण सुटलं याबद्दल आजवर पुष्कळ लोक हळहळले. सरदारजी हळहळले, आई मरेपर्यंत हळहळली, मी स्वतः तर रोजच. बरं झालं म्हणणारा हा पहिलाच. खिडकीत बसून मी ते वाक्य इटारसीपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही टोचलं नाही.

लुधियानात उतरलो तेव्हा धुकं होतं. सुनेने चहा दिला, टोप्या पुरल्या का विचारलं, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही कॉलेजात होतात, हे कधी बोलला नाहीत."

"होतो," मी म्हणालो. "वर्षभर."