कॅप्टन चढावर उतरतो

माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं कौतुक गावभर मी नाही केलं, त्यानंच केलं. बेकरीच्या रांगेत उभा राहिला की फिर्मिनचं सुरू, "सकाळी उठल्यावर मिनिटाला चव्वेचाळीस ठोके! एकोणसत्तराव्या वर्षी!" पुढची बाई बिचारी नुसती पाव न्यायला आलेली. बत्तीस वर्षं वीटभट्टीत राबला आणि दर रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल हाणली, वारा असो की गारा. बेल्जियमच्या या आमच्या फ्लँडर्समध्ये असे दोन तरी येडे प्रत्येक गल्लीत सापडतात. माझ्या वाट्याला आलेला जरा जास्तच आहे, एवढंच.

मागच्या वर्षी त्याचं ठोके मोजणारं घड्याळ मधूनच एकशे नव्वद ठोके दाखवायला लागलं. तेही सपाट रस्त्यावर, गप्पा मारत जाताना. शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. हा घड्याळाला ठोके कळवणाऱ्या छातीवरच्या पट्ट्याची बॅटरी बदलायला गेला. एकदा नाही, तीनदा. मग पट्टा साबणानं धुतला. मग नवा आणला. नव्यानंही तेच दाखवलं तेव्हा म्हणाला, "हल्ली सगळा मालच भिकार येतो."

एका दुपारी मी बटाटे सोलत बसले होते. तो पट्टा घेऊन समोर उभा राहिला.

"जरा बांधून बघ."

बांधला. बहात्तर. मी टोपलीभर बटाटे सोलले, मध्ये पोरीशी फोनवर भांडून घेतलं, तरी आकडा ऐंशीच्या वर जाईना.

"अरे माणसा, पट्टा ठणठणीत आहे," मी म्हणाले. "बिघडलायस तू!"

"तुझं हृदय घरात बसून असतं, त्याला काय होतंय," तो म्हणाला. पण तोंड उतरलं होतं त्याचं. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घातलं आणि गेंटला मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण, पण खमकी. तिनं तारा लावल्या, कागद बघितला आणि सांगितलं, "ताल सुटतोय. वरचे कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी थरथरतात. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांत हे जरा जास्तच दिसतं." झालं! एवढंच ऐकलं यानं. बाहेर येताच मला म्हणतो कसा, "ऐकलंस ना? आळशी माणसांचं दुखणं नाही हे." मी कपाळावर हात मारला.

मग नियम आले. सकाळी ठोके आवरायची गोळी. रक्त पातळ ठेवायची गोळी, म्हणजे आता पडून डोकं आपटणं परवडायचं नाही. फेरीनंतरची काळी बिअर बंद. सायकल चालव, पण ठोके सव्वाशेच्या आत. आणि ताल सुटला की जिथं असशील तिथं उतरायचं, बसायचं, सांगायचं. बिअर सोडली त्यानं, महिनाभर कुणी मेल्यासारखा बसायचा, पण सोडली. गोळ्याही चुकवत नव्हता. ते शेवटचं तेवढं जमेना.

एप्रिलमध्ये एका रविवारी घरी आला तो कागदासारखा पांढरा पडून. "वारा होता," म्हणाला. त्याच्या नकळत मी घड्याळ बघितलं. तासभर ताल सुटलेला, आणि हा त्यातच तीस किलोमीटर चालवत आलेला. त्या दिवशी मी जे काही बोलले ते शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून ऐकलं असणार, ऐकू दे. शेवटी मी म्हणाले, "फिर्मिन, मला सायकल नको आहे तुझी, ती तुला लखलाभ. मला एवढंच हवंय की तू लपवायचं नाहीस. तू कुठल्या तरी बीटाच्या शेतात एकटा आडवा होशील आणि मला सगळ्यात शेवटी कळेल, हे मला नाही सोसायचं." तो हो म्हणाला. पण पुरुषाच्या 'हो'वर किती विसंबायचं ते मला ठाऊक आहे.

सप्टेंबरात त्यांच्या सायकल क्लबची मोठी फेरी असते. शेवटी गावामागचा दगडी चढ, आणि वर देवळीपाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापाशी, आम्ही बायका सुपाची पातेली घेऊन उभ्या. फिर्मिन क्लबचा कॅप्टन, म्हणून सगळ्यात पुढे. पूर्वी तरणी पोरं या चढावर शर्यत लावून एकमेकांना धडकायची, तेव्हापासून यांच्यात पक्कं ठरलंय: चढावर कॅप्टनच्या पुढे कुणी जायचं नाही. आणि त्या चढावर सायकलवरून उतरून चालणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. लोक पार आजोबांपर्यंत उद्धार करून हसतात.

वळणावर ते दिसले. फिर्मिन पुढे, मागे सव्वीस जण. आणि अर्ध्या चढावर फिर्मिनचा पाय खाली टेकला. तो उतरला. सायकल हातात धरून चालायला लागला.

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

मागे एकच गोंधळ. पुढे जायचं नाही म्हटल्यावर करणार काय? सव्वीसच्या सव्वीस उतरले! बाजूला कुंपणाशी उभी असलेली पाहुणी मंडळी फोटो काढायला लागली. "कॅप्टन, अरे निदान कारण तरी सांग!" त्याचा जुना मित्र ओमेर मागून ओरडत होता. "माझी सून बघतेय वरून! तोंड कुठं लपवू?"

"हेल्मेटमध्ये लपव," फिर्मिननं मागं न बघता सांगितलं.

सगळी वरात चालत वर आली, दगडांवर बुटांचा खडखडाट करत. मी धावले. फिर्मिननं सायकल देवळीच्या भिंतीला टेकवली, बाकावर बसला आणि सगळ्यांच्या देखत मनगट माझ्यापुढे केलं.

"बघ," म्हणाला. "वळणावर सुरू झालं."

मी दोन बोटं ठेवली. आत नुसती धांदल. दोन ठोके घाईघाईनं, एक गायब, मग तीन एकदम. मी घड्याळाकडे बघत मोजायला लागले, आणि माझे आकडे चुकायला लागले. ओमेर काहीतरी चावट बोलायला पुढे आला होता, त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"मारिएट," फिर्मिन हळूच म्हणाला, "मला भीती वाटली गं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मी तिथंच त्याच्या शेजारी बसले आणि मनगट काही सोडलं नाही. सव्वीस जणांनी सूप मग आपापलं वाढून घेतलं.