राधाबाईंच्या खिडकीतला मायाळू

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये ललिता गवाणकरने एकतीस वर्षं लोकांच्या आजारपणाच्या फायली लावल्या. साखरेच्या पेशंटांचा वेगळा रॅक होता, आणि गेलेल्यांच्या फायलींना पांढरी नाडी बांधायची पद्धत होती. अशा नाड्या तिने किती बांधल्या याला गणती नव्हती. पण निवृत्तीच्या वर्षी तिची स्वतःची फाईल साखरेच्या रॅकवर गेली, तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ ठाण्याला, त्याची मुलगी स्पृहा अधूनमधून फोन करायची तेवढाच संबंध. नायगावच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली. दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा आणि मधून लांबलचक पॅसेज, भर दुपारीही दिवा लावावा लागेल असा अंधारा. एकटीसाठी काय करायचं म्हणून ती सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पाव आणि कोपऱ्यावरचं काहीतरी, रात्री परत चहा, यावरच भागवायची. गुडघे सुजले होते आणि डोळ्यांपुढे मधूनच अंधारी यायची.

समोरच्या दारात राधाबाई राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन जमाना झाला होता. मुलगा लहू नालासोपाऱ्याला वेगळा राहायचा आणि फारसा यायचा नाही. का, ते राधाबाईंनी कधी सांगितलं नाही, आणि ललितानेही विचारलं नाही.

राधाबाईंच्या खिडकीला बाहेर लोखंडी पिंजरा होता. त्यात कोळणीकडून मागून आणलेले थर्माकोलचे माशांचे डबे मातीने भरून ठेवलेले. अळू, गवती चहा, हळद, दोन मिरच्या, आणि सगळ्यांवर पसरलेला मायाळूचा वेल, जाड, तुकतुकीत पानांचा. मासळी धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, कांद्याची सालं, सगळं त्या डब्यांत जायचं. त्यांच्या घरातून कचऱ्याची पिशवी खाली गेलेली ललिताने कधी पाहिली नव्हती.

ललिता एकदा पॅसेजमध्ये भोवळ येऊन बसली, तेव्हा राधाबाईंनी तिला हाताला धरून घरात नेलं. नाचणीची भाकरी आणि मायाळूची लसूण घातलेली डाळभाजी समोर ठेवली. ललिता म्हणाली, "मला भूक नाही हो."

"तुका भूक असता ती चायची," राधाबाई म्हणाल्या. "जेवणाची भूक तू इसरलंस. जेव गप."

त्या दिवसापासून तिची शाळा सुरू झाली. दुधीची साल टाकायची नाही, तिची चटणी होते. तांदळाचं धुवण झाडाला घालायचं, पेज आपण प्यायची. शेवग्याचा पाला मागून आणायचा, तो कुणालाच नको असतो. "विकतची भाजी पाण्यान फुगलेली असता," राधाबाई सांगायच्या, "तिका चव खंयची?" ललितानेही आपल्या खिडकीत डबे ठेवले. पहिल्या मेथीला चार पानं फुटली तेव्हा ती ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून सांगत बसली. वर्षभरात तिची साखर उतरली, गोळी अर्ध्यावर आली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

राधाबाई गेल्या त्या होळीनंतरच्या आठवड्यात. दुपारी भाजी निवडता निवडता भिंतीला टेकल्या, त्या तशाच. लहू आला, सगळं केलं, तेरा दिवस राहिला. जाताना खोलीला कुलूप लावलं. खिडकी मात्र उघडीच राहिली, कारण वेलाने तिची दारं कधीच आवळून धरली होती.

तोवर चाळ रिकामी व्हायला लागली होती. पुनर्विकासाच्या याद्या लागत होत्या, टेम्पो भरभरून लोक संक्रमण शिबिरात जात होते. ललिताची खोली अजून आईच्या नावावर होती, वारसनोंदीचा कागद कुठेतरी अडकला होता, म्हणून ती मागे राहिली. एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या मजल्यावर ती एकटी उरली. खाली दोन घरं, बाकी सगळी बंद दारं. गेलेल्यांच्या नळांना प्लंबरने बुचं मारली. राधाबाईंच्या मोरीतला नळही काढून नेला, ते ललिताने स्वतः पाहिलं, कारण लहूने किल्ली त्या दिवसापुरती तिच्याकडे पाठवली होती. काम झाल्यावर तिने ती परत धाडली.

मे महिना भाजून काढत होता. पाणी सकाळी अर्धा तास यायचं. ललिताच्या डब्यांतली मेथी करपली, कोथिंबीर वाळून गेली. तिला वाटलं, समोरचा मायाळू तर केव्हाच गेला असेल. एकदा दुपारी तीन वाजून गेल्यावर दूध घेऊन परत येताना तिने खालच्या अंगणातून वर पाहिलं आणि ती थबकली. राधाबाईंचा पिंजरा हिरवागार होता. वेल पिंजऱ्याबाहेर लोंबत होता, पूर्वी कधीच नव्हता इतका.

खाली नवा वॉचमन बसायचा, बाबुराव नावाचा, जालन्याकडचा. त्याला येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तो म्हणाला, "ताई, तुमच्या समोरच्या आजीला जरा सांगता का? रोज तीनच्या सुमाराला झाडाला पाणी घालतात, ते माझ्या अंगावर पडतं. मी खुर्ची दोनदा सरकवली."

"ती खोली बंद आहे," ललिता म्हणाली.

"मग पाणी कुठून येतं?" बाबुरावने सरळ विचारलं आणि फरशीकडे बोट दाखवलं. तापलेल्या फरशीवर ताटाएवढा ओला डाग होता, कडेने वाळत आलेला. ललिताने खाली वाकून त्यावर बोट टेकवलं. पाण्याला मासळीचा बारीक वास येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या दारात, आतल्या बाजूला, स्टुलावर बसून राहिली. पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. तीनच्या पुढे समोरच्या बंद दाराआडून आवाज यायला लागला. कुट्ट. मग थोडा वेळ काही नाही. मग परत कुट्ट. तो आवाज तिला चांगला ओळखीचा होता. मायाळूचा देठ अंगठ्याच्या नखाने खुडला की असाच वाजतो. मोजून दहा-बारा वेळा तो आला. ललिता उठली, समोर गेली, कडी वाजवली. "राधाबाई," असं तिच्या तोंडून निघूनही गेलं. आवाज थांबला. कुणीतरी आत कान देऊन उभं असावं, तशी ती शांतता होती. ललिता घरात आली, दार लावलं, आणि संध्याकाळी दिवा लावायचंही तिला सुचलं नाही.

स्पृहाचा फोन आला तेव्हा तिने अर्धंमुर्धं सांगितलं. "आत्या, उंदीर असतील," स्पृहा म्हणाली. "रिकाम्या बिल्डिंगमध्ये काय कमी असतात? तू ठाण्याला ये ना. एकटी कशाला राहतेस तिथे?"

"कागद इथेच यायचाय," ललिता म्हणाली.

पण त्यानंतर तिच्या घशाखाली हिरवं पान उतरेना. भाजी निवडायला घेतली की देठ मोडताना तोच आवाज व्हायचा आणि तिच्या अंगावर काटा यायचा. तिने पुन्हा पाव आणायला सुरुवात केली, पुन्हा चहा, पुन्हा बिस्किटं. पंधरा दिवसांत पाय सुजले. एका सकाळी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. समोरचा आवाज मात्र दुपारचा न चुकता येत होता. आता तर तो दाराच्या जवळ आल्यासारखा वाटायचा.

मेच्या शेवटी लहू खोलीचा ताबा द्यायला आला. पन्नाशीचा, शांत, आईसारख्याच रुंद कपाळाचा. ललिताने त्याला पाणी दिलं. आवाजाचं काही सांगितलं नाही. त्याने कुलूप काढलं, पण दार उघडेना. आतून काहीतरी दाबून धरल्यासारखं ते नुसतं दबत होतं. त्याने खांदा लावला, तेव्हा ओल्या दोऱ्या तुटल्यासारखा आवाज झाला आणि दार उघडलं.

वेल आत आला होता. खिडकीतून उतरून त्याने जमीन झाकली होती, भिंती चढल्या होत्या, दाराच्या फळीवर पसरला होता. उजेडाजवळ तो हिरवा होता, आणि जसजसा आत आला होता तसतसा पांढुरका, मेणासारखा. राधाबाई जिथे टेकल्या होत्या त्या भिंतीपाशी मात्र माणूस बसेल एवढी जागा त्याने मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या फरशीवर महिनाभराची धूळ होती, आणि तिच्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मायाळूची जांभळी फळं गळून तिच्यावर डाग पडले होते.

लहूने खिडकीशी जाऊन डब्यांत हात घातला. "माती ओली आहे," तो म्हणाला. मग त्याने मोरीकडे पाहिलं. तिथे नळ नव्हता, नुसतं बुच होतं.

ओट्यावर एक स्टीलची ताटली होती. तिच्यात मायाळूच्या पानांची जुडी, दोऱ्याने बांधलेली, आणि देठांना खुडल्या जागी चिकट पाणी सुटलेलं. ताटलीच्या काठावर नाव कोरलेलं होतं: सुभद्रा गवाणकर. ललिताची आई. राधाबाई गेल्या त्याच सकाळी ललिताने या ताटलीतून त्यांना पुरणपोळी दिली होती, तेराव्यानंतर भांडं मागणं बरं दिसेना म्हणून ते राहून गेलं होतं. राधाबाईंनी तिचं भांडं रिकामं कधी परत केलं नव्हतं. काही नसेल तर चिमूटभर साखर, नाहीतर दोन मिरच्या.

"ताई, हात लावू नका," लहू म्हणाला. "मी माणसं बोलावतो. सगळं काढून टाकतो, जाळतो."

ललिताला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ताटलीकडे पाहता पाहता तिला एकदम खूप भूक लागली, चहाची नव्हे. किती दिवसांनी लागली होती ते तिलाच आठवेना. तिने पुढे होऊन ताटली उचलली.

"माझी आहे ती," ती म्हणाली.

घरी येऊन तिने पानं धुतली. तूरडाळ शिजत लावली, लसूण ठेचली, दोन आमसुलं भिजत घातली. लहू दारातच उभा राहिला होता. तिने त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. भाकरी झाली तशी तिने ताट वाढून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली. मध्ये एकदा तिने त्याला विचारलं, "घेणार का थोडं?" त्याने मान हलवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर आवाज आला नाही. माणसं यायच्या आधीच, तीन दिवसांत, वेल आपण होऊन सुकला. बाबुरावने खुर्ची परत जुन्या जागी आणली. जूनमध्ये ललिताचा कागद आला आणि ती संक्रमण शिबिरातल्या सातव्या मजल्यावर राहायला गेली. तिथे खिडकी बरी आहे, ऊन येतं. तिने मेथी, पुदिना आणि गवती चहा लावलाय. शेजारच्या बायका आधी हसायच्या, आता दुधीची सालं पिशवीत घालून तिच्याकडे आणून देतात. साखर पुन्हा जागेवर आली. मायाळू काही तिने लावलेला नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी लहूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं,

"ललिताताई, त्या भाजीत आई काय घालायची?"

"का रे?"

"आमच्याकडे रोज दुपारी लसणीच्या फोडणीचा वास येतो. बायको कामावर असते, गॅस बंद असतो. शेजारी विचारून झालं, कुणाच्या घरातून येत नाही. माझ्या स्वयंपाकघरातच असतो. मी दहा वर्षं तिच्या हातचं जेवलो नव्हतो. बोलावलं तरी जायचो नाही. तुम्ही तेव्हा जेवलात, मग वेल सुकला, ते सगळं थांबलं ना?"

"तिकडे थांबलं," ललिता म्हणाली. "तुझ्याकडे थांबेल का, ते मला माहीत नाही."

"मग काय करू?"

"बाजारात मायाळू मिळतो का बघ. जाड पानाचा घे. पेन घेतलास?"

"घेतलं."

"तूरडाळ वाटीभर, आधी भिजव," ललिता सांगायला लागली, आणि पलीकडे तो एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहून घेऊ लागला.